दुकानात बसलेला टायर घाटात बसेलच असं नाही

ताई, माझ्याकडे महिंद्रा थार आहे, एलएक्स, डिझेल, फोर बाय फोर. टायर कंपनीचेच, 255/65 आर18. आमचं रान पाटण तालुक्यात वरच्या अंगाला आहे. डांबरी संपल्यावर तीन किलोमीटर कच्चा रस्ता. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पडलेल्या चाकोरीत गाडी दोनदा फसली, दोन्ही वेळा मागचा गोळा (मागच्या दोन चाकांच्या मधला डिफरन्शियल) वाटेच्या मधल्या उंचवट्यावर टेकला. टायरवाला म्हणतो, 33 इंची मड टायर टाका, 285/75 आर16, सोबत बाहेर निघणाऱ्या रिम आणि दोन इंचाची लिफ्ट. "बसतो आरामात, सगळे टाकतात." चार टायर, चार रिम घ्या, स्टेपनी राहू द्या जुनीच, असंही म्हणाला. वडील 72 वर्षांचे आहेत. त्यांना महिन्यातून दोनदा कराडला दवाखान्यात न्यावं लागतं. कुंभार्ली घाटातून चिपळूणलाही आमचं जाणं-येणं असतं. टायर टाकू का? आरटीओनं अडवलं तर काय?
— पाटण तालुक्यातील एक वाचक

नमस्कार,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. गाडी 'फसली' एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत, मागचा गोळा टेकला हेही लिहिलंत. मोठा टायर हवा असं म्हणणाऱ्या बहुतेकांना गाडी नेमकी कशानं अडते हे सांगता येत नाही. तुमची अडचण डिफरन्शियलखालच्या जागेची आहे, आणि थारचा मागचा अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, अखंड आहे. अखंड अॅक्सल उचलायचा तर चाकाचा घेर वाढवण्याशिवाय उपाय नाही. लिफ्ट किटनं बॉडी आणि चासी वर जाते, गोळा होता तिथंच राहतो. म्हणजे ज्या उंचवट्यावर तुम्ही दोनदा अडकलात, तिथं दोन इंचाच्या लिफ्टचा काडीचाही उपयोग झाला नसता. ते पैसे तुमचे वाचले असं धरून पुढचं वाचा.

आता टायरचा हिशोब करू. कागद-पेन्सिल घेऊन बसा, पाच मिनिटांचं काम आहे. 255/65 आर18 मध्ये 255 ही रुंदी मिलिमीटरमध्ये असते. 65 म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या 65 टक्के, आणि 18 हा रिमचा व्यास इंचात. भिंत झाली 166 मिमी. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची आणि त्यात रिमचे 457 मिमी मिळवायचे. टायरची उंची आली 789 मिमी. तुमच्या दुकानदारानं सुचवलेला 285/75 आर16 याच पद्धतीनं 834 मिमी होतो. फरक 45 मिमी, म्हणजे 5.7 टक्के. पण या 45 मधले निम्मेच अॅक्सलच्या खाली येतात, निम्मे वर जातात. गोळा उचलला जाणार साधारण साडेबावीस मिलिमीटर. फार तर दीड बोट.

दीड बोट कमी नाही, मी ते नाकारत नाही. चाकोरीत एवढ्यानं कधी कधी सुटका होते. फक्त त्याच्या बदल्यात काय काय द्यावं लागतं ते दुकानदारानं सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते.

'बसतो आरामात' हे वाक्य मीही ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता. आमच्या बोलेरोला 215/75 आर15 काढून 235/75 आर15 टाकले, तेव्हाची गोष्ट. दुकानाच्या अंगणात स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून दाखवलं, कुठं घासलं नाही. वाढ सव्वाचार टक्क्यांची होती, तुमच्यापेक्षा कमीच. महिनाभरानं गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होतो. गाडीत सात माणसं, मागं तांदळाची पोती. तिसऱ्या-चौथ्या वळणापासून रबर जळाल्याचा वास यायला लागला. मला वाटलं ब्रेक तापले. खाली येऊन पाहिलं तर डाव्या पुढच्या टायरच्या आतल्या भिंतीवर पूर्ण गोल खाच पडलेली, चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाची कड तिथं कापत आली होती. तो टायर घाटातच फुटला असता. रिकामी गाडी, सपाट जमीन आणि उभं चाक, एवढंच त्या दुकानानं तपासलं होतं. भरलेली गाडी वळणात एका अंगाला दबते, तेव्हा चाक वर येतं आणि त्याच वेळी वळलेलंही असतं. घासतं ते तेव्हा.

म्हणून टायर बसतो की नाही हे पाहायची पद्धत वेगळी आहे, आणि ती पैसे देण्याआधी करायची. दुकानदाराला एकच चाक लावायला सांगा, पुढं डाव्या बाजूला. गाडीत घरचे चौघे बसवा, मागं सामान टाका. मग ते चाक आठ-नऊ इंच उंचीच्या पक्क्या ठोकळ्यावर किंवा रॅम्पवर चढवा, म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दबेल. त्या अवस्थेत स्टेअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, आणि दोन्ही वेळा गाडी थोडी पुढं, थोडी मागं. रिव्हर्समध्ये घासण्याची जागा वेगळी असते, ती पुष्कळजण विसरतात. आधी टायरच्या खांद्याला, म्हणजे नक्षी आणि भिंत यांच्यामधल्या कडेला, ओला खडू फासून ठेवलात तर कुठं लागलं ते आतल्या आवरणावर उमटतं. बंपरची खालची कड, मडफ्लॅप, आतलं प्लास्टिक आणि सस्पेन्शनचा आर्म या चार जागा हात घालून तपासा. बोटभर फट सगळीकडे राहायला हवी. मड टायरचे ठोकळे खांद्यावरून बाहेर आलेले असतात आणि त्यात चिखल भरला की ते आणखी फुगतात, त्यामुळे कागदावरच्या मापाला जेमतेम बसणारा टायर प्रत्यक्षात घासतोच. घासला तर परत घेऊ, हे बिलावर लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

बाहेर निघणाऱ्या रिमबद्दल मी जास्त कडक बोलणार आहे. रिमच्या मध्यापासून नट बसतात ती बैठक किती मिमी दूर आहे, त्या आकड्याला ऑफसेट म्हणतात. समजा मूळ रिमचा ऑफसेट अधिक 30 आहे आणि नवीन रिम उणे 10 ची आहे, तर चाक 40 मिमी बाहेर गेलं. टायर 30 मिमीनं रुंद, त्यातले 15 बाहेरच्या बाजूला. एकूण 55 मिमी, म्हणजे दोन इंचांहून जास्त. (तुमच्या रिमचा खरा आकडा रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो, तो घालून हिशोब करा.) चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर आणि स्टेअरिंगच्या सांध्यांवर आडवा ताण जास्त. खड्ड्यात स्टेअरिंग हाताला झटके देतं. आणि टायर मडगार्डच्या बाहेर आला की त्यानं उडवलेला दगड आणि चिखल मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जातो. कराड–चिपळूण रस्त्यावर पावसात तुमच्या मागं रेनकोट घातलेला कोणीतरी दूधवाला असणारच. मडगार्डनं चाक झाकायचं असतं ते त्याच्यासाठी. पोलीस आणि आरटीओ यांच्या नजरेला सगळ्यात आधी हेच दिसतं, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. स्पेसर (चाकाच्या मागं घालायची चकती) लावून चाक बाहेर काढण्याचं तर नावच काढू नका.

आता कायदा. तुमचा प्रश्न तोच आहे आणि त्यावर बाजारात फार गोंधळ आहे.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की कंपनीनं मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182ए आलं. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द ध्यानात घ्या. टायर, रिम आणि लिफ्ट हे तीन वेगळे बदल धरले जाऊ शकतात.

यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: "आरसीवर टायरचा आकार लिहिलेला नसतो, कोण बघतंय?" आरसीवर छापलेला असो वा नसो, गाडी विक्रीला येण्याआधी तिच्या त्या मॉडेलची मंजुरी होते. आपल्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ती चाचणी करतात आणि त्या मंजुरीत टायरचे आकार नोंदलेले असतात. तेच आकार पुढं मालकाच्या पुस्तिकेत आणि हवेच्या दाबाच्या पट्टीवर येतात. म्हणून कायद्याच्या बाजूनं बिनघोर राहायचं असेल तर कसोटी एकच: तुमच्याच मॉडेलच्या कुठल्या तरी प्रकारावर कंपनीनं स्वतः तो आकार दिला आहे का?

"दोन-तीन टक्के चालतात" हेही तुम्ही ऐकलं असेल. हा गॅरेजमधला दंडक आहे आणि मीटर, गिअर, ब्रेक यांच्या दृष्टीनं तो शहाणपणाचा आहे. पण ते कायद्याचं कलम नाही. त्याच्या जोरावर इन्स्पेक्टरपुढं वाद घालता येणार नाही. 5.7 टक्के तर त्या दंडकातही बसत नाही.

लिफ्टचा विषय वर संपवला आहे, तरी एवढं सांगते की तिनं गाडीची उंची आणि गुरुत्वमध्य दोन्ही बदलतात, आणि 72 वर्षांच्या माणसाला थारमध्ये चढायला आताच फूटरेस्ट आणि कोणाचा तरी खांदा लागतो. कराडच्या दवाखान्यातून परतताना वडिलांना आणखी दोन इंच वर पाय उचलायला लावू नका.

विम्याबद्दल थोडक्यात. मोठा बदल विमा कंपनीला न कळवता केला आणि पुढं अपघात झाला, तर दावा अडवायला त्यांच्या हाती आयतं कारण मिळतं. काहीही बदलणार असाल तर आधी लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. सस्पेन्शन किंवा स्टेअरिंगचा भाग वॉरंटीत बदलायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटरही पहिलं बोट टायरकडेच दाखवेल.

कुंभार्ली घाटाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मला काळजी तिथली आहे. चाक 5.7 टक्क्यांनी मोठं झालं की गाडीचा प्रत्येक गिअर तेवढ्यानं उंच होतो. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी मध्येच पहिला मागायला लागते. ते एक वेळ चालेल. उतरताना इंजिनचा रोध त्याच प्रमाणात कमी होतो आणि तुमचा पाय ब्रेकवर जास्त राहतो. ब्रेकची डिस्क तीच, पण चाकाची त्रिज्या वाढल्यानं तेवढ्याच जोरात गाडी थांबवायला पेडल जास्त दाबावं लागतं. त्यात मड टायर आणि त्याची जाड भिंत यांचं वजन प्रत्येक चाकाला कित्येक किलोंनी वाढलेलं असतं, आणि ते फिरतं वजन असतं. पावसात, धुक्यात, माणसं भरलेल्या गाडीत हे सगळं एकत्र येतं. शिवाय मड टायरचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधल्या फटी रुंद, त्यामुळे ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. चिखलात हाच टायर उत्तम, कारण त्या रुंद फटीतून माती आपोआप उडून जाते. पण तुमचा प्रवास मोजा. तीन किलोमीटर माती आणि बाकी सगळं डांबर. तुम्ही डांबराचा टायर निवडायचा आहे, जो चिखलातही निभावेल. अशा टायरला ऑल टेरेन म्हणतात. तुमच्या गाडीवर आत्ता त्याच जातीचे टायर असतील तर ते किती झिजलेत ते आधी पाहा. नियमानुसार चारचाकीला नक्षीची खोली किमान 1.6 मिमी हवी, पण ती डांबरासाठीची अखेरची पायरी आहे. चिखलात ऑल टेरेन टायर निम्मा झिजला की त्याची पकड गेलेली असते. तुमची गाडी उंची कमी म्हणून टेकली की पकड कमी म्हणून चाकोरीत घसरून तिथं गेली, हा प्रश्न मला इथून सुटत नाही. तुम्ही जागेवर जाऊन पाहिलंत तर सुटेल.

मीटरचंही गणित तसंच. तो 100 दाखवेल तेव्हा चाक 105.7 च्या हिशोबानं पुढं गेलेलं असेल. कंपनीचा मीटर मुळात थोडा जास्तच वेग दाखवतो, त्यामुळे यातलं काही पोटात मावतं, सगळं नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर घाटाबाहेर मर्यादा 100 ची आहे आणि कॅमेरा तुमचा मीटर पाहत नाही. किलोमीटरही कमी नोंदले जातात. दहा हजारांची सर्व्हिस प्रत्यक्षात 10,570 ला होते.

तर मी काय सुचवते? थारचा एएक्स हा प्रकार 16 इंची लोखंडी रिमवर 245/75 आर16 घेऊन आला. म्हणजे हा आकार तुमच्याच मॉडेलवर कंपनीनं दिलेला आहे. तुम्हाला मोठा टायर हवा होता आणि मी 774 मिमीचा सांगते आहे, तुमच्यापेक्षा 15 मिमी कमी. गोळ्याखालची जागा साडेसात मिमीनं घटणार. तरीही सांगते, आणि कारण देते. यात भिंत 184 मिमीची आहे, तुमच्या टायरची 166. ही 18 मिमी जास्तीची भिंत चिखलात आणि दगडात कामाला येते, कारण हवा कमी केल्यावर फुगायला आणि दबायला रबर असतं आणि रिम दगडावर आपटत नाही. लोखंडी रिम वाकली तर पाटणमध्येही ठोकून सरळ होते, मिश्रधातूची तडकली तर ती टाकूनच द्यायची. आणि टायर 10 मिमीनं अरुंद आहे. तुमच्याकडं वरच्या सड्यावर जांभ्याची लाल माती असेल, बोटभर-वीतभर चिखल आणि खाली कठीण मुरूम. अशा जागी अरुंद टायर चिखल कापून मुरुमाला जाऊन टेकतो आणि पकड घेतो, रुंद टायर वरच्या राडीवर तरंगत घसरतो. खाली तळच नसलेली काळी जमीन असती तर मी उलट सांगितलं असतं. एकदा पहारीनं खोचून पाहा, तळ किती खाली लागतो.

पण त्याआधी एक फुकटचा उपाय करून पाहा, कारण मला वाटतं तुम्ही तो केलेला नाही. हवा काढा. डांबरी संपली की थांबून चारही चाकांतली हवा 18 ते 20 पीएसआयवर आणा. टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, ठोकळे माती धरतात, चाक दगडाला गुंडाळून पुढं जातं. 15 च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून उतरेल. वेग माणूस पळेल इतकाच ठेवा, वळणं हळू घ्या. परत येताना डांबरावर चढण्याआधी 12 व्होल्टच्या छोट्या पंपानं हवा दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाला भरा. कमी हवेत डांबरावर वेगानं गेलात तर टायरची भिंत तापून फुटते, यात हयगय नको. चांगला गेज आणि पंप मिळून जेवढे पैसे लागतील, तेवढ्यात तुम्हाला एक मड टायरही येणार नाही.

आणि रस्त्याचं काय? ट्रॅक्टरच्या आणि तुमच्या चाकांमधलं अंतर सारखं नाही, म्हणून एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर असं होतं. चाकोरीत चाक घालण्याऐवजी एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या कडेवर ठेवून चाला, गोळा उंचवट्याच्या बाजूला राहतो. जिथं दोनदा टेकलात ती जागा बहुधा पन्नास-शंभर पावलांचीच असेल. मृगाच्या आधी भावकीला सोबत घेऊन तिथं चार ट्रॉली मुरूम टाकला आणि मधला उंचवटा फावड्यानं उतरवला, तर टायरच्या दीड बोटापेक्षा जास्त उंची मिळते, आणि ती ट्रॅक्टरवाल्यालाही मिळते.

हे सगळं करूनही मोठाच टायर हवा असेल तर 265/75 आर16 च्या पुढं जाऊ नका. तो 804 मिमीचा होतो, तुमच्या आताच्या टायरपेक्षा 1.9 टक्के मोठा. मीटर आणि ब्रेक यांना तो जड जाणार नाही. गोळ्याखाली साडेसात मिमी मिळतील. पण स्पष्ट सांगते, हा आकार थारवर कंपनीनं दिलेल्या दोन आकारांपैकी नाही. तो घ्यायचा तर आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीला कळवा, आणि वर सांगितलेली ठोकळ्यावरची परीक्षा करा. त्या तिघांपैकी कोणी नाही म्हटलं तर ते नाही माना.

टायर विकत घेताना भिंतीवरची अक्षरं स्वतः वाचा, बिलावर विसंबू नका. आकारानंतर एक अंक आणि एक अक्षर असतं. अंक वजनाचा: 109 म्हणजे 1,030 किलो, 111 म्हणजे 1,090, 112 म्हणजे 1,120, आणि हे एका टायरचं. अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे ताशी 160, एस 180, टी 190. तुमच्या मूळ टायरवर जे आहे त्यापेक्षा दोन्हींत कमी नको. मड टायर पुष्कळदा क्यूचे येतात, तिथंच फसगत होते. आयएसआय चिन्ह पाहा, केंद्राच्या 2009 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानं ते बंधनकारक केलं आहे. नवीन टायरच्या आयातीवर जून 2020 पासून निर्बंध आहेत, त्यामुळे कोणी 'इम्पोर्टेड, शेवटचे चार' म्हणत असेल तर ते किती वर्षं गोदामात पडून आहेत ते शोधा. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: 2319 असेल तर 2019 सालचा 23 वा आठवडा. रबर न वापरताही कडक होतं. आणि आकाराच्या आधी एलटी लिहिलं असेल तर तो मालवाहू बांधणीचा टायर आहे. त्याला तेवढंच वजन पेलायला जास्त हवा लागते, आणि डांबरावर तो वडिलांची कंबर मोडेल.

स्टेपनी जुनीच राहू द्या, हा त्या दुकानदाराचा सल्ला सगळ्यात वाईट. घ्यायचे तर पाच घ्या. तुमची फोर बाय फोर लिव्हरनं लागते आणि त्यात पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बांधले जातात. एका चाकाचा घेर वेगळा असेल तर तो फरक ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) ताण होऊन साठतो. पंक्चर झालेलं चाक काढून 45 मिमीनं लहान स्टेपनी लावलीत आणि चिखलात फोर बाय फोर टाकलीत, तर टायरपेक्षा कितीतरी महाग वस्तू मोडेल. शिवाय स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते. 33 इंची टायर तिथं लटकवला की वर्षभरात दाराच्या बिजागऱ्या खाली येतात आणि कच्च्या रस्त्यावर दार खडखडायला लागतं. 245 चं चाक तिथं निमूट बसेल.

लोखंडी रिम घेताना थारच्याच घ्या, कंपनीच्या पार्ट काउंटरवर गाडीचा चासी नंबर देऊन. आधी एक चाक लावून हातानं फिरवा, ब्रेक कॅलिपरला कुठं लागत नाही ना ते ऐका. नट त्या रिमच्या बैठकीला जुळणारेच हवेत, मिश्रधातूच्या रिमचे लोखंडीला चालतीलच असं नाही. टायरच्या दाबाचे सेन्सर चाकात असतील तर ते नव्या रिममध्ये हलवून घ्या. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी करा. पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर पान्यानं सगळे नट पुन्हा आवळा. लोखंडी रिमवरचा रंग दबून नट किंचित सैल होतात, आणि ते घरच्या अंगणात आवळलेले बरे.

आधी पंप घ्या आणि आहे त्याच टायरवर, हवा कमी करून, रानापर्यंत जाऊन या. शक्यतो जोराचा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. सोबत कोणाला तरी घ्या, त्याला खाली उतरवून गोळा आणि उंचवटा यांच्यात किती बोटं जागा उरते ते पाहायला सांगा. तो आकडा मला कळवा. टायर घ्यायचे की मुरूम, ते त्यावरून ठरवू.